विसरलेली तबकडी

काशीत राहून भैरव-तोडी कानी पडले नाहीत असा मराठी माणूस विरळाच. म्हणून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग, हे ऐकताच मी नाक मुरडले होते. भैरव ऐकला आणि मत बदलले; यंत्रातूनही मींड निघत होती!

मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वादक चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर ही तबकडी केली. ती खपली नाही, विस्मरणात गेली. २००२ मध्ये एका डच संग्राहकाला ती दिल्लीत सापडली. २०१० मध्ये पुन्हा निघाली. शिकागोच्या ‘अ‍ॅसिड हाऊस’ संगीताने १९८७ मध्ये नाव कमावले, तोच नाद इथे पाच वर्षे आधी होता! सिंग २०१५ मध्ये निवर्तले. कौतुक मात्र डोळ्यांनी पाहून गेले.

मंडळी, माळ्यावरच्या तबकड्या रद्दीत देण्यापूर्वी एकदा ऐकाच.