दाभोळला कुठून शिरावे?

गेल्या माघात आमच्या वाचनकट्ट्याची दाभोळ सहल मी आखली आणि ती फसली. दोष माझाच. निमंत्रणात 'बहमनी काळातले थोर बंदरशहर' असे लिहून बसलो होतो. दापोलीहून बसने निघालो, उतार उतरून धक्क्यापाशी थांबलो, शाही मशीद पाहिली, चंडिकादेवीच्या गुहेतल्या देवळात वाकून दर्शन घेतले. साडेअकराला एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, "सर, हे सगळं छान. पण शहर कुठंय?"

मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन पुन्हा टिपणे काढली, तेव्हा चूक कळली. दाभोळचे तोंड वाशिष्ठीच्या खाडीकडे आहे आणि मी सगळ्यांना परसदारातून आत नेले होते.

यंदा धोपाव्याहून जायचे ठरवले आहे. चिपळूणहून गुहागरच्या बाजूने खाली यायचे आणि गाडीसकट फेरीबोटीत चढायचे. (वाटेत कोणीतरी एन्रॉनचा विषय काढणारच. 'दाभोळ' नाव मिरवणारा तो वीजप्रकल्प दाभोळात नाही, खाडीच्या या दक्षिण तीरावर अंजनवेलजवळ आहे, हे तेव्हाच दाखवून मोकळे व्हावे.) पाण्यावरून गाव दिसू लागले की पहिली गोष्ट घोड्यांची सांगायची. दख्खनच्या सुलतानांना लढाईसाठी घोडे हवेत आणि चांगली पैदास इकडे होत नाही, म्हणून अरबस्तान-इराणकडून जहाजे भरून घोडे येत. इथे उतरलेला माल खाडीने चिपळूणकडे आणि पुढे घाट चढून देशावर जाई. महमूद गवान १४५३ साली व्यापारी म्हणून इथेच उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्व्हेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितिन स्वतः एक घोडा विकायला घेऊन चौलला उतरला होता. जुन्नरला तो घोडाच खानाने काढून घेतला. मिळाला परत, पण त्यासाठी बराच मनस्ताप झाला. १४७०च्या दशकाच्या आरंभी परतीचे जहाज त्याने पकडले ते दाभोळहून. शिक्षिकाबाईंना हवे असलेले शहर ते हे.

दुसरी गोष्ट धक्क्यावर उतरल्यावर. मार्च १५०८मध्ये चौलच्या लढाईत इजिप्त आणि गुजरातच्या आरमाराने पोर्तुगीजांना हरवले. त्यात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो पडला. बाप सूड घ्यायला दीवकडे निघाला आणि डिसेंबरअखेरीस वाटेत दाभोळवर तुटून पडला. बायका-मुलेही सुटली नाहीत, गाव जाळले. दीवची लढाई त्याने ३ फेब्रुवारी १५०९ रोजी जिंकली, आणि इतिहासाच्या पुस्तकांत तीच राहिली. दाभोळच्या वाट्याला एखादे वाक्य येते.

कट्ट्यावरच्या एका मित्राचे म्हणणे, सहलीच्या दिवशी सकाळी सकाळी हे कशाला? मला ते पटत नाही. चौलच्या लढाईशी ज्यांचा काही संबंध नव्हता ती माणसे इथे मेली. निदान पाच मिनिटे तिथे उभे राहून ते सांगायला हवे.

मग मशीद. विजापूरची शाहजादी मक्केला निघाली, समुद्रावर चाच्यांचे भय म्हणून इथेच थांबली आणि यात्रेचा पैसा मशिदीत घातला, अशी आख्यायिका आहे. बांधकामाचे साल १६५९-६० सांगतात. गेल्या वेळी ही कथा मी रंगवून सांगितली आणि साल गाळले. खरी गंमत सालातच आहे. नोव्हेंबर १६५९मध्ये अफझलखान मारला गेला. त्याची जहाजे दाभोळला होती, ती राजापूरकडे हलवण्यात आली, आणि त्यांच्या मागावर मराठी फौज राजापुरात पोचल्याचे तिथल्या इंग्रज वखारवाल्यांची पत्रे सांगतात. म्हणजे घुमट आणि चार मिनारांची ही खास विजापुरी वास्तू जेव्हाची सांगतात, नेमकी तेव्हाच विजापूरची या किनाऱ्यावरची पकड सुटत होती. पायऱ्यांवर बसून एवढे सांगायला अर्धा तास लागेल. लागू दे.

चंडिकेचे दर्शन शेवटी. आत दिव्यांचाच उजेड असतो, उन्हातून गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. तिथे मी काहीच बोलणार नाही.

बाईंना फोन केला. यायला तयार आहेत. मात्र जेवणाचे आधी ठरवा, म्हणाल्या. गेल्या वेळी तेही राहिलेच होते.