शब्बाथ म्हणजे काय? विश्रांतीच्या दिवशी येशूने रुग्णांना बरे का केले?

‘शब्बाथ’ हा मूळ हिब्रू शब्द आहे. त्याचा अर्थ ‘थांबणे’. बायबलनुसार देवाने सहा दिवसांत सृष्टी निर्माण केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. म्हणून ज्यू लोक शनिवारी काम करत नाहीत. कोकणातील बेने इस्रायली शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवत, त्यामुळे त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव पडले. बहुतेक ख्रिस्ती लोक येशूच्या पुनरुत्थानाची आठवण म्हणून रविवार पाळतात. सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट मात्र शनिवारच पाळतात.

विश्रांती कोणासाठी?

दहा आज्ञांमध्ये ही विश्रांती फक्त मालकाला दिलेली नाही. नोकर, दासी, परका माणूस आणि बैलही त्यात आहेत. पोळ्याला बैलाच्या मानेवरचे जू उतरवणाऱ्या वाशीमच्या शेतकऱ्याला हा विचार सहज समजेल.

वाद कशावरून झाला?

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात येशू १८ वर्षे कमरेत वाकलेल्या बाईला शब्बाथ दिवशी बरे करतो. सभास्थानाचा प्रमुख चिडतो: बरे व्हायला उरलेले सहा दिवस आहेतच! येशू विचारतो, शब्बाथ दिवशी तुम्ही बैलाला पाणी पाजायला सोडता, मग या बाईला बंधनातून का सोडू नये? मूळ ग्रीक मजकुरात दोन्ही ठिकाणी ‘सोडणे’ हे एकच क्रियापद आहे. म्हणजे बरे करणे हा विश्रांतीचा भंग नाही. दुखण्यातून सुटका हीच त्या बाईची विश्रांती होती.

वाशीमशी संबंध

रुग्णसेवा हा श्रद्धेचाच भाग, या विचारातून ख्रिस्ती मिशनांनी गावोगावी दवाखाने काढले. वाशीमला तेव्हा बासिम म्हणत. तिथे नाझरीन चर्चच्या अमेरिकन डॉक्टर ऑर्फा स्पायकर यांनी १९३८ मध्ये रुग्णालय सुरू केले. तेच रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल.

रविवारी ड्युटी करणारी नर्स आज्ञा मोडते का?

बहुतेक चर्चच्या शिकवणीनुसार नाही. गरजेची आणि दयेची कामे त्या दिवशीही करता येतात. पण आज्ञेत नोकराचाही विसावा आहे. म्हणून रविवारी रुग्णांजवळ थांबणाऱ्या नर्सला आठवड्यात दुसरा दिवस मोकळा मिळणे, हेही शब्बाथ पाळणेच आहे.