'थ्री ऑफ अस': थिएटरमध्ये हुकलेला, घरी सापडलेला सिनेमा, प्रेक्षकांची मतं इतकी वेगवेगळी का?

'काय सुंदर सिनेमा आहे!' आणि 'अर्ध्या तासात झोप लागली' या दोन्ही प्रतिक्रिया एकाच चित्रपटाबद्दल ऐकू येतात. चित्रपट आहे अविनाश अरुण दिग्दर्शित 'थ्री ऑफ अस'. थिएटरमध्ये तो येऊन गेला तेव्हा फार गाजावाजा झाला नाही. नेटफ्लिक्सवर आल्यानंतर मात्र त्याची चर्चा सुरू झाली आणि कुणी ना कुणी आजही तो नव्याने पाहून त्यावर लिहीत असतं.

या चित्रपटात नेमकं काय आहे, तो घरी कधी आणि कसा पोहोचला आणि प्रेक्षकांची मतं कोणत्या मुद्द्यांवर फुटतात, ते पाहूया. शेवट इथे सांगितलेला नाही.

गोष्ट काय आहे?

शैलजा (शेफाली शाह) मुंबईत राहते, कौटुंबिक न्यायालयात नोकरी करते. तिला डिमेन्शियाचं निदान झालं आहे. हळूहळू गोष्टी विसरायला होणार हे तिला ठाऊक आहे. त्याआधी लहानपणी काही काळ जिथे राहिलो ते वेंगुर्ले पुन्हा एकदा पाहावं असं तिला वाटतं. नवरा दीपांकर (स्वानंद किरकिरे) तिच्यासोबत निघतो.

वेंगुर्ल्यात तिला शाळेतला मित्र प्रदीप कामत (जयदीप अहलावत) भेटतो. तो आता बँकेत मॅनेजर आहे, कविता करतो, भरतकामही करतो. त्याची बायको सारिका (कादंबरी कदम) आणि मुली आहेत. पुढचे काही दिवस शैलजा आणि प्रदीप जुन्या जागा फिरतात. शाळा, घर, नाचाचा वर्ग, समुद्र. भांडण नाही, पळून जाणं नाही, खलनायक नाही. साधारण १०० मिनिटांत चित्रपट संपतो.

बनवणारे कोण?

अविनाश अरुण मूळचे छायालेखक आहेत. नीरज घायवानच्या 'मसान'चं छायालेखन त्यांचंच. दिग्दर्शक म्हणून त्यांचा पहिला चित्रपट 'किल्ला'. २०१४ च्या बर्लिन महोत्सवात त्याला लहान मुलांच्या चित्रपटांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळालं, पुढे सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. 'किल्ला'तही कोकणच होतं. तिथे एक मुलगा नव्या गावात येतो. इथे एक बाई सोडून गेलेल्या गावात परत येते.

'थ्री ऑफ अस'ची पटकथा ओंकार अच्युत बर्वे, अर्पिता चॅटर्जी आणि अविनाश अरुण यांची, तर संवाद वरुण ग्रोवर आणि शोएब झुल्फी नझीर यांचे आहेत. फिल्मफेअरच्या ६९ व्या सोहळ्यात छायालेखनाचा पुरस्कार अविनाश अरुण यांना मिळाला. समीक्षकांच्या पसंतीचा अभिनेत्रीचा पुरस्कार शेफाली शाह यांना राणी मुखर्जीसोबत विभागून मिळाला.

घरी पोहोचायला किती दिवस लागले?

चित्रपट सर्वात आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये गोव्यात इफ्फी महोत्सवात दाखवला गेला. थिएटरमध्ये यायला आणखी वर्ष लागलं. तारीख होती ३ नोव्हेंबर २०२३. नेटफ्लिक्सवर तो आला २९ डिसेंबर २०२३ ला.

या दोन तारखांमध्ये बरोबर ५६ दिवस आहेत, म्हणजे आठ आठवडे. हा आकडा योगायोगाचा नाही. देशभरातल्या मोठ्या मल्टिप्लेक्स साखळ्यांची हिंदी चित्रपटांसाठी अट अशी, की थिएटर आणि ओटीटी यांच्यात किमान आठ आठवड्यांचं अंतर हवं. त्याआधी ओटीटीवर येणारा हिंदी चित्रपट त्या आपल्या पडद्यांवर लावत नाहीत. दक्षिणेतल्या भाषांमधले अनेक चित्रपट चार आठवड्यांतच ओटीटीवर येतात. त्यामुळे असे चित्रपट हिंदीत डब होऊन आले तरी उत्तरेतल्या या साखळ्यांमध्ये कधीकधी दिसत नाहीत.

अट सगळ्यांना सारखी असली तरी तिचा परिणाम सारखा होत नाही. मोठ्या स्टारचा चित्रपट त्या आठ आठवड्यांतले बरेच दिवस पडद्यावर राहू शकतो. छोट्या चित्रपटाला 'पाहून आलेल्या माणसाने दुसऱ्याला सांगणं' एवढाच आधार असतो आणि त्याला वेळ लागतो. 'थ्री ऑफ अस'नंतर नऊ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत सलमान खानचा 'टायगर ३' आला. १ डिसेंबरला 'अॅनिमल' आला. अशा गर्दीत छोट्या चित्रपटाला उरतात ते एखाददोन शो, तेही अडनिड्या वेळेला. म्हणजे थिएटरमधून उतरल्यावर आणि घरी पोहोचण्याआधी असा चित्रपट काही आठवडे कुठेच पाहता येत नाही. कुणी शिफारस केली तरी 'पाहू कुठे?' याला उत्तर नसतं. घरी आल्यावर ती अडचण संपते. 'हा कधी येऊन गेला?' हा प्रश्न तेव्हा पडतो तो यामुळेच.

मतभेदाचे मुद्दे कोणते?

*१. शांत की संथ?*

सर्वात मोठी तक्रार हीच. कॅमेरा बराच वेळ एकाच जागी थांबतो. दोन माणसं बोलायची थांबतात, तरी दृश्य सुरू राहतं. आवडणारे म्हणतात, विसरत चाललेल्या बाईची गोष्ट घाईने सांगताच येत नाही. न आवडणारे म्हणतात, वीस मिनिटांची गोष्ट ताणली आहे.

इथे आपण चित्रपट कसा पाहिला, हेही विचारायला हवं. पनवेल ते सीएसएमटी हा लोकलचा प्रवास सुमारे ऐंशी मिनिटांचा. पनवेलहून रोज ये-जा करणारे कितीतरी जण सिनेमे लोकलमध्येच, मोबाइलवर, दोन-तीन तुकड्यांत पाहतात. नेटफ्लिक्सच्या अॅपमध्ये वेग दीडपट करायची सोयही आहे. तशी पाहिली तर १०० मिनिटांची गोष्ट ६६-६७ मिनिटांत संपते. मारामारीच्या सिनेमाचं त्यात फार बिघडत नाही. पण ज्या दृश्यात दोन माणसं फक्त गप्प बसली आहेत, तिथे वेग वाढवला की दृश्यच उरत नाही.

*२. दीपांकर: समजूतदार की सोयीचा?*

खरा वाद नवऱ्यावरून आहे. बायको जुन्या मित्रासोबत गावभर फिरते आणि हा माणूस आदळआपट करत नाही. 'असा नवरा असतो का?' हा आक्षेप अनेकांना रास्त वाटतो. गोष्ट पुढे सरकावी म्हणून लेखकांनी त्याला जास्तच चांगला केला, असं हे मत.

पण दीपांकरला काहीच वाटत नाही असं चित्रपट दाखवत नाही. तो अवघडतो, बाजूला पडतो आणि एका प्रसंगात मनातली खंत बोलूनही दाखवतो. आपण ज्या माणसासोबत संसार केला, तिचा असा आनंद आपण पाहिलाच नव्हता, हे त्याला लागतं. किरकिरे यांनी हे फारसा आवाज न चढवता केलं आहे. गीतकार म्हणून ते सर्वांना माहीत आहेत. 'चुंबक' या मराठी चित्रपटासाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे.

*३. तिघंच का? सारिकाचं काय?*

नावात तिघं आहेत, पण घरं दोन आणि माणसं चार. सारिका नवऱ्याची थट्टा करते, पाहुणीचं स्वागत करते. तिच्या मनात काय चाललं आहे, यावर चित्रपट दीपांकरइतका वेळ देत नाही. हा आक्षेप आम्हाला सर्वात बिनतोड वाटतो. नवऱ्याच्या समजूतदारपणाचं कौतुक होतं आणि बायकोचा समजूतदारपणा गृहीत धरला जातो, ही सवय पडद्याबाहेरही आहे.

*४. आजाराचं चित्रण गोड झालं आहे का?*

डिमेन्शिया हा एकच आजार नाही. स्मरण, भाषा, निर्णय घेणं या क्षमता कमी करणाऱ्या अनेक आजारांसाठीचं ते एकत्रित नाव आहे. अल्झायमर हे त्याचं सर्वात जास्त आढळणारं कारण. जगात साडेपाच कोटींहून अधिक लोकांना डिमेन्शिया आहे. लक्षणं पासष्टीच्या आत सुरू झाली तर त्याला लवकर सुरू होणारा डिमेन्शिया म्हणतात. अशा रुग्णांची लक्षणं सुरुवातीला कामाचा ताण किंवा नैराश्य समजून दुर्लक्षित होऊ शकतात. शैलजा याच गटातली आहे.

ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे, त्यांना हा चित्रपट अपुरा वाटू शकतो. माणूस घरच्यांना ओळखेनासा होणं, घराबाहेर निघून जाणं, सांभाळणाऱ्याची झोप उडणं, हे सगळं या गोष्टीच्या पुढे आहे. ते पाहायचं असेल तर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' आहे. त्यात डॉ. मोहन आगाशे यांनी अल्झायमर झालेल्या संस्कृतच्या प्राध्यापकाची भूमिका केली आहे. 'थ्री ऑफ अस' त्याआधीच्या टप्प्याबद्दल आहे. अजून आठवतं आहे, पण किती दिवस आठवेल हे माहीत नाही.

'हे प्रेम आहे की नुसती मैत्री?' या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. शैलजा आणि प्रदीप यांना एकत्र भविष्य नको आहे. तिला भूतकाळ एकदा तपासून घ्यायचा आहे आणि त्या भूतकाळाचा साक्षीदार फक्त प्रदीप आहे. म्हणूनच विवाहबाह्य संबंधांच्या नेहमीच्या फूटपट्टीने मोजायला गेलं की हा चित्रपट हातात येत नाही.

*५. कोकणातली गोष्ट हिंदीत का?*

मराठी प्रेक्षकांची ही खास तक्रार. वेंगुर्ल्यातला कामत बायकोशी हिंदीत का बोलेल? तिथे घरात मराठी नाहीतर मालवणी ऐकू येणार. मध्ये मध्ये येणारे मराठी शब्द ही उणीव भरून काढत नाहीत. जयदीप अहलावत हरियाणाचे. त्यांचा अभिनय आवडूनही ते कामत वाटत नाहीत, असं म्हणणारे आहेत. दुसरी बाजू अशी, की हिंदीत असल्यामुळेच वेंगुर्ल्याची ही गोष्ट महाराष्ट्राबाहेर अधिक सहज पोहोचली.

पनवेलमध्ये हा मुद्दा जास्त जवळचा वाटतो. कन्याकुमारीपर्यंत जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ पनवेलपासूनच सुरू होतो. गणपतीला गावी निघालेल्यांची गर्दी इथल्या स्टेशनावर दरवर्षी दिसते. ज्यांचं बालपण त्या रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला राहिलं आहे, त्यांना शैलजाचा प्रवास समजावून सांगावा लागत नाही. आणि नेमक्या याच प्रेक्षकाला गावच्या तोंडची हिंदी खटकते.

'पास्ट लाइव्ह्ज'शी तुलना का होते?

दिग्दर्शिका सेलीन साँगचा 'पास्ट लाइव्ह्ज' २०२३ मध्येच अमेरिकेत प्रदर्शित झाला. तिथेही बालपणीचा मित्र अनेक वर्षांनी भेटतो आणि नवरा शेजारी बसून पाहत असतो. पण 'थ्री ऑफ अस' गोव्यात २०२२ मध्येच दाखवला गेला होता, त्यामुळे 'नक्कल' हा आरोप टिकत नाही. फरकही मोठा आहे. तिथली नोरा न जगलेल्या आयुष्याचा विचार करते. इथली शैलजा जगलेलं आयुष्य निसटण्याआधी पाहून घेते.

रेटिंग पाहून ठरवावं का?

नेटफ्लिक्सवर प्रेक्षकांची मतं वाचायला मिळत नाहीत. २०१७ मध्ये तिथली ताऱ्यांची पद्धत जाऊन अंगठे आले आणि आपण दिलेला अंगठा मुख्यतः आपल्याला पुढे काय सुचवायचं हे ठरवण्यासाठी वापरला जातो. कंपनी 'व्ह्यूज'चा आकडा देते तो एकूण पाहिलेले तास भागिले चित्रपटाची लांबी असा. म्हणजे दोघांनी अर्धा-अर्धा पाहून सोडला तरी एक व्ह्यू होतो. किती जणांनी शेवटपर्यंत पाहिला, हे त्यातून कळत नाही. आयएमडीबीचं रेटिंगही साधी सरासरी नसते, तिथे मतांना वेगवेगळं वजन दिलं जातं.

त्यामुळे अशा चित्रपटाबद्दल आकड्यापेक्षा कारण वाचणं उपयोगाचं. 'बोअर आहे' यातून फार कळत नाही. 'सारिकाला न्याय दिला नाही' किंवा 'आईच्या आजारपणानंतर पाहवला नाही' यातून आपल्याला काय भेटणार आहे, ते कळतं.

घरी सापडला, मग प्रश्न मिटला का?

पूर्ण नाही. ओटीटी कंपन्या हक्क विकत घेताना थिएटरमधली कामगिरीही पाहू लागल्या आहेत. प्रेक्षकाने 'घरी येईल तेव्हा पाहू' म्हणायचं आणि कंपनीने 'थिएटरमध्ये चालला का?' विचारायचं, या कात्रीत असे चित्रपट सापडतात. 'थ्री ऑफ अस'ला उशिरा का होईना, प्रेक्षक मिळाला. प्रत्येकाला मिळेलच असं नाही. म्हणून असा एखादा चित्रपट जवळच्या थिएटरात लागलेला दिसला आणि पाहावासा वाटला, तर तो पहिल्या आठवड्यातच पाहिलेला बरा. आणि 'थ्री ऑफ अस' घरीच पाहणार असाल, तर शंभर मिनिटं सलग काढा आणि वेग वाढवू नका. त्यानंतरही आवडला नाही, तर ते मत तुमचं स्वतःचं असेल.