डबा टीव्हीवर पडणारं बदक एलईडीवर का पडत नाही?

माळ्यावर जुना व्हिडिओ गेम सापडला, वायरी जुळवून नव्या एलईडी टीव्हीला लावला, मारिओ झकास पळतो, पण बंदुकीने एकही बदक पडत नाही. असा मेसेज मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतो. बंदूक बहुतेक वेळा चांगलीच असते. बदललाय तो टीव्ही. आणि त्यात नेमकं काय बदललं हे एकदा कळलं, की गेमिंगसाठी टीव्ही घेताना दुकानात काय विचारायचं तेही कळतं. म्हणून आजचा भाग इतिहासाचा, पण थेट दुकानाच्या काउंटरपर्यंत जाणारा.

१९७२ साल धरा. त्या वर्षी अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्स ओडिसी नावाचा, घरच्या टीव्हीला जोडायचा पहिला गेम विक्रीला आला. डोकं राल्फ बेअर या इंजिनिअरचं. आवाज नाही, रंग नाही, पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. मैदान वगैरे दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर लावायला रंगीत प्लास्टिकचे पातळ कागद दिलेले. वेगळी विकत घ्यायची बंदूकसुद्धा होती! गंमत म्हणजे बऱ्याच गिऱ्हाइकांचा समज झाला की हा गेम मॅग्नाव्हॉक्सच्याच टीव्हीवर चालतो. म्हणजे 'या गेमला कोणता टीव्ही लागेल?' हा प्रश्न गेमिंगइतकाच जुना आहे. आणि त्याच वर्षी, २ ऑक्टोबरला, मुंबई दूरदर्शन सुरू झालं.

जालना तेव्हा जिल्हाही नव्हता. तो झाला १ मे १९८१ ला. पुढच्याच वर्षी दिल्लीच्या एशियाडच्या निमित्ताने देशात रंगीत प्रक्षेपण आलं, आणि मग रंगीत टीव्ही बनवणाऱ्यांची रीघ लागली. त्यातला एक मोठा खेळाडू आपला शेजारीच. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने जपानच्या तोशिबाचं तंत्रज्ञान घेऊन रंगीत टीव्ही बनवायला सुरुवात केली. कारखाना औरंगाबादेजवळ, पैठण रस्त्यावरच्या चितेगावला. जालन्याहून औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर, साठेक किलोमीटर. मराठवाड्यातल्या कित्येक घरांतला पहिला रंगीत टीव्ही असा शेजारच्या जिल्ह्यात तयार झालेला होता, हे आज पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

नव्वदच्या दशकात या डब्यांना व्हिडिओ गेम जोडले जाऊ लागले. निन्टेंडोने १९८३ साली जपानात आणलेल्या फॅमिकॉमच्या या स्वस्त नकला. पिवळी कॅसेट, त्यावर '९९९९ गेम', प्रत्यक्षात पंधरा-वीसच. कॅसेट चालली नाही की फुंकर. चॅनल जुळेपर्यंत पडद्यावर मुंग्या. कधी चित्र काळं-पांढरं यायचं, कारण आपल्याकडची पद्धत पाल, सेकंदाला ५०ची. जपान-अमेरिकेची एनटीएससी, ६०ची. दोघांचं जुळलं नाही की रंग गायब.

आता बदकांकडे येऊ. हा भाग जरा निवांत ऐका.

डबा टीव्हीत मागे पिक्चर ट्यूब असायची. तिच्यातून इलेक्ट्रॉनचा झोत काचेच्या आतल्या बाजूवर एकेक ओळ डावीकडून उजवीकडे, वरून खाली ओढत जायचा. महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या टीव्हीला स्मरणशक्तीच नव्हती. सिग्नल आला की तो त्याच क्षणी काचेवर उमटायचा. साठवणं नाही, विचार करणं नाही. मागून खळखळत आलेलं पाणी तसंच पुढे.

बंदुकीतून गोळीबिळी काही सुटत नव्हती. उलट तिच्या तोंडाशी प्रकाश ओळखणारा एक सेन्सर होता. घोडा ओढला की गेम एका फ्रेमपुरता अख्खा पडदा काळा करायचा. पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन. सेन्सरला आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला की बदक खलास. दोन बदकं असली तर दोन चौकोन, एकापाठोपाठ एक. उजेड कोणत्या फ्रेमला दिसला त्यावरून कोणतं पडलं ते ठरायचं. एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साठावा भाग, साधारण १७ मिलिसेकंद. अख्खा हिशोब वेळेवर. चित्र थोडं जरी उशिरा आलं, तर गेमच्या मते नेम चुकला.

नवा टीव्ही नेमका तोच उशीर करतो. आलेली फ्रेम तो आधी साठवतो, मग मोठी करतो, साफ करतो, रंग चढवतो, दोन फ्रेमच्या मध्ये स्वतःच्या मनाने तिसरी घुसवतो, आणि मग दाखवतो. पिक्चर पाहताना याने काही बिघडत नाही, आवाजही तेवढाच मागे ढकलला की झालं. पण तुम्ही बटण दाबून बसलेले असता. या सगळ्या सजावटीत ५०, कधी १०० मिलिसेकंदसुद्धा जातात. १०० म्हणजे सहा फ्रेम. फिफात गोलकीपर झेप घेईपर्यंत बॉल जाळीत.

सपाट टीव्ही आला तो काळ आपल्या शेजाऱ्यावर कसा आला, तेही सांगतो. २००५ साली व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको, चीन असे कारखाने. चितेगाववाली कंपनी जगातल्या बड्या ट्यूब उत्पादकांत जाऊन बसली, आणि नेमकी तेव्हाच ट्यूबची सद्दी संपत आली होती. २०१८ साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कर्जाची कारणं पुष्कळ, एकट्या ट्यूबवर सगळं ढकलणं बरोबर नाही. पण २००५ मध्ये ट्यूबवर लावलेला तो डाव मला फार बोलका वाटतो.

पुढची वीस वर्षं टीव्ही कंपन्या एका अर्थाने त्या डब्याचा वेगच परत मिळवायच्या मागे आहेत. 'गेम मोड' म्हणजे दुसरं काय? सजावट बंद, चित्र सरळ पडद्यावर. चांगल्या टीव्हीत गेम मोड लावला की उशीर दहा-पंधरा मिलिसेकंदांवर येतो. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये एचडीएमआय २.१ जाहीर झालं. त्याने ४के चित्र सेकंदाला १२० वेळा पाठवण्याची सोय झाली, आधीच्या २.० मध्ये ४के ला ६० ही हद्द होती. सोबत दोन गोष्टी आल्या: कन्सोल चालू होताच टीव्ही आपोआप गेम मोडमध्ये जाणं, म्हणजे एएलएलएम, आणि कन्सोलच्या वेगाप्रमाणे टीव्हीने स्वतःचा वेग कमी-जास्त करणं, म्हणजे व्हीआरआर. पीएस५ भारतात आला २ फेब्रुवारी २०२१ ला, आणि तेव्हापासून दुकानात '१२०' हा आकडा देवासारखा पुजला जातोय.

इथेच अंबड तालुक्यातल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज मला महत्त्वाचा वाटला. मोसंबीच्या आंबे बहाराचे पैसे आलेत, वडील घरात नवा टीव्ही घ्यायला तयार झालेत, बजेट ४० हजार. पुण्याच्या मामेभावाने स्वतःचा पीएस५ याला दिलाय. वडिलांना ५५ इंच पाहिजे, दुकानदार म्हणतो 'यात १२० आहे', आणि हा विचारतोय, 'दादा, घेऊ का?' पुढची सात-आठ वर्षं घरात दुसरा टीव्ही येणार नाही, हे त्याच्या आवाजातच कळत होतं.

भावा, आधी तो १२० कसला ते विचार. खोक्यावर 'मोशन रेट १२०' किंवा नुसतं 'एमईएमसी' लिहिलं असेल, तर ती मघाशी सांगितलेली मधली घुसवलेली फ्रेम. क्रिकेटला बरी, गेमला उशीर वाढवणारी. काही टीव्हींचं पॅनल ६०चंच असतं, पण उभ्या दिशेचा तपशील अर्धा करून ते १२० दाखवतात. ते अगदीच खोटं नाही, पण पूर्ण ४के १२० नव्हे. 'एचडीएमआय २.१ आहे' हे उत्तरही पुरेसं नाही, कारण त्यातल्या बऱ्याच सोयी ऐच्छिक आहेत. प्रश्न एकच आणि असाच विचार: 'पीएस५ लावून ४के ला १२० चालतं का? चालवून दाखवा.' खरं १२० चाळीस हजारात, तेही ५५ इंचात, मिळणं अवघड. म्हणून माझं मत सरळ आहे. नकली १२० वाल्या ५५ पेक्षा खरा, कमी उशिराचा ६० वाला ४३ किंवा ५० घे. पीएस५ चे खूपसे गेम तसेही ३० किंवा ६० वर चालतात. सहा-सात फुटांवर पलंग असेल तर ४३ छोटा वाटत नाही.

आणि उशीर मोजता येतो, तोही खिशातल्या फोनवर. स्लो-मोशन २४० फ्रेमवर ठेवायचा, कंट्रोलरवरचा अंगठा आणि पडदा एकाच चौकटीत घ्यायचा, उडी मारायचं बटण दाबायचं. मग व्हिडिओत अंगठा दबल्यापासून उडी दिसेपर्यंत फ्रेम मोजायच्या; एक फ्रेम सुमारे ४ मिलिसेकंद. यात गेमचा स्वतःचा उशीरही येतो, त्यामुळे आकडा एकटा बघू नको. तोच गेम, तोच कन्सोल, दोन टीव्हींवर लावून तुलना कर. कन्सोल दुकानात घेऊन जायला लाजायचं कारण नाही, आपण ४० हजार मोजतोय.

पैशांचंही एक सांगतो. १ जानेवारी २०१९ पासून ३२ इंचापर्यंतच्या टीव्हीवर जीएसटी १८ टक्के आणि त्यावरच्यावर २८ असा फरक होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीलाही १८ च. कर सोडून ३१,२५० चा टीव्ही आधी ४० हजारांना पडायचा, आता ३६,८७५ ला. दुकानदार जुन्या किमतीवर 'डिस्काउंट' दाखवत असेल तर हा हिशोब डोक्यात असू दे.

ओएलईडीचा विषय या बजेटमध्ये येतच नाही. आणि घरात दिवसभर बातम्यांची तीच पट्टी पडद्याखाली पळत असेल, तर बजेट असूनही मी दोनदा विचार केला असता. एकाच जागचं चित्र कायमचं उमटायची भीती त्यात असते. आपल्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा कन्सोलला झेपेल एवढा यूपीएस मिळाला तर उत्तम. गेम सेव्ह होताना वीज जाणं हे दुःख वेगळंच.

टीव्ही घरी आला की कन्सोल एका पोर्टमध्ये आणि सेट-टॉप बॉक्स दुसऱ्या पोर्टमध्ये लाव. बहुतेक टीव्ही प्रत्येक पोर्टची सेटिंग वेगळी लक्षात ठेवतात. तुझ्या पोर्टवर गेम मोड चालू, मधली फ्रेम बंद. आईच्या मालिकांच्या पोर्टला हात लावू नको.