नानेटी : परसातील निरुपद्रवी साप

पावसाळ्याच्या आरंभी शेताच्या बांधावर, परसातील गवतात किंवा विहिरीच्या काठी हमखास दिसणारा लहान, बिनविषारी साप म्हणजे नानेटी. तिचे शास्त्रीय नाव अँफिएस्मा स्टोलॅटम. या जातीचे पहिले वर्णन लिनीअसने १७५८ मध्ये केले. ‘स्टोला’ हे रोमन स्त्रियांचे पायघोळ वस्त्र. त्यावरून हे नाव पडले. पाकिस्तान व श्रीलंकेपासून दक्षिण चीन, तैवानपर्यंत ती आढळते.

लांबी साधारणतः ४० ते ५० सेंमी., क्वचित ८० सेंमी. मादी नराहून मोठी असते. रंग तपकिरी वा हिरवट करडा असून पाठीच्या दोन्ही बाजूंनी डोक्यामागून शेपटीपर्यंत एकेक पिवळसर पट्टा जातो. आडवे काळसर पट्टे शरीराच्या पुढील भागात ठळक, मागे पुसट होत जातात. उभे पट्टे मात्र मागील भागातच अधिक उठून दिसतात. खवल्यांवर मध्यातून बारीक कंगोरा असल्यामुळे अंग खरखरीत लागते. डोळे मोठे, बाहुली गोल. डिवचल्यास ती अंग फुगवते आणि खवल्यांमधील लाल किंवा निळसर त्वचा उघडी पडते. या रंगालाच लोक भितात. वस्तुतः ती सहसा चावतही नाही.

तरीही मण्यार समजून अनेक नानेट्या मारल्या जातात. मण्यार अत्यंत विषारी खरी. पण ती निशाचर, तुकतुकीत काळी असते. तिच्या अंगावर उभे पट्टे नसतात. केवळ बारीक पांढरे आडवे पट्टे असतात आणि ते शेपटीकडे ठळक होतात. नानेटीचा सारा व्यवहार दिवसाचा. अर्थात खात्री नसेल तर दूर राहावे, सर्पमित्रास बोलवावे. आणि कोणत्याही सर्पदंशावर ओळख पटवीत न बसता रुग्णालय गाठावे.

बेडूक हे तिचे मुख्य भक्ष्य. लहान मासे, पालीही ती खाते. कडक उन्हाळ्यात ती जमिनीखाली दडून राहते. मादी बिळात बहुधा ५ ते १० पांढरी अंडी घालते आणि कधीकधी त्यांच्याजवळच थांबते. उत्तर अमेरिकेतील अंगणांत दिसणारा पट्टेरी गार्टर साप आणि आपली दिवड हे नानेटीचेच आप्त, एकाच उपकुलातील. मात्र गार्टर साप अंडी घालत नाही, जिवंत पिलांना जन्म देतो.