‘रूल आउट’ करणे म्हणजे काय?

केसपेपरवर डॉक्टर ‘आर/ओ टीबी’ असे लिहितात आणि नातेवाईक टीबीच झाला म्हणून हादरतात. त्याचा अर्थ एवढाच, की टीबी नाही ना, हे तपासून पाहा. ‘रूल आउट’ या इंग्रजी क्रियापदासाठी आपण ‘शक्यता नाकारणे’ असे म्हणतो. पण नाकारणे नुसत्या तोंडानेही होते. खेळातला पंच तसे करू शकतो. विज्ञानात शक्यता पुराव्याने निकालात काढावी लागते.

व्हिएन्नाच्या सार्वजनिक इस्पितळात १८४६ साली पहिल्या प्रसूती विभागात शेकडा ११ हून अधिक बाळंतिणी बाळंतज्वराने दगावल्या. शेजारच्या दुसऱ्या विभागात ३ हूनही कमी. इग्नाझ सेमेलवाइस हा तरुण हंगेरियन डॉक्टर पहिल्या विभागात होता. हवेतला दोष म्हणावा, तर हवा दोन्हीकडे एकच. गर्दी म्हणावी, तर ती दुसरीकडेच जास्त. पहिल्या विभागात मरणासन्न बाईकडे जाणारा पाद्री घंटा वाजवत वॉर्डांतून जाई. त्या धसक्याने बायका आजारी पडतात, असेही कोणी म्हणे. सेमेलवाइसने घंटा बंद करवली, पाद्र्याची वाट बदलली. मृत्यू घटले नाहीत. ही शंका आज हास्यास्पद वाटते, पण त्याने ती हसण्यावारी नेली नाही, हे आम्हाला फार मोलाचे वाटते.

मार्च १८४७ मध्ये शवविच्छेदन करताना सुरी लागून त्याचे सहकारी प्राध्यापक कोलेच्का वारले. लक्षणे बाळंतज्वराचीच! पहिल्या विभागातले विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासत. दुसरीकडे शिकणाऱ्या सुइणी शवांना हात लावत नसत. मे महिन्यापासून विरंजक चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे झाले. १८४८ मध्ये मृत्यू शेकडा १.२७ वर आले.

पण मधल्या काळात, ऑक्टोबर १८४७ मध्ये, गर्भाशयाचा सडलेला कर्करोग असलेली एक बाई पहिल्या खाटेवर होती. तिला तपासून डॉक्टरांनी साध्या साबणाने हात धुतले आणि पुढच्या बायका तपासल्या. बारापैकी अकराजणी दगावल्या. विष शवांतूनच येते असे धरले होते. जिवंत शरीरातून येण्याची शक्यता कोणी बाद केली नव्हती, तिचा विचारच झाला नव्हता. यानंतर सेमेलवाइसने प्रत्येक बाईच्या तपासणीनंतर हात विरंजक चुन्याने धुवायला लावले.