काळ्या धाग्याची कुळकथा

1937 साली विजय भट्ट यांचा ‘ख्वाब की दुनिया’ हा बोलपट पडद्यावर आला. न दिसणाऱ्या माणसाची ही गोष्ट. माणूस दिसत नाही, पण त्याच्या आसपासच्या वस्तू आपोआप हलतात. ही करामत सुरतेहून मुंबईत आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या पोराने केली होती. त्याचे नाव बाबूभाई मिस्त्री. त्याने मागे काळा पडदा लावला, वस्तूंना काळा धागा बांधला आणि उजेड असा टाकला की कॅमेऱ्याला वस्तू दिसाव्यात, धागा दिसू नये. सिनेमाच्या धंद्यात त्याला ‘काला धागा’ हे टोपणनाव पडले ते तेव्हापासून. पुढे ‘संपूर्ण रामायण’, ‘पारसमणी’, ‘महाभारत’ असे चमत्कारांनी भरलेले चित्रपट त्यांनी दिग्दर्शित केले.

बाबूभाईंचे कौतुक अनेकांनी केले आहे. हा धागा त्यांच्या हाती आला कुठून, हे मात्र कोणी फारसे विचारले नाही. तो उसवत मागे गेले की प्रत्येक टप्प्यावर एच. जी. वेल्स हा एकच इंग्रज लेखक उभा असलेला दिसतो. कधी समोर, तर कधी आडोशाला.

पहिला टप्पा सोपा आहे. भट्ट यांच्या डोक्यात ही कल्पना आली ती हॉलिवूडचा ‘द इनव्हिजिबल मॅन’ पाहून. 1933 चा हा चित्रपट वेल्सच्या 1897 च्या कादंबरीवर बेतलेला. त्यातले चमत्कार जॉन फुल्टन यांचे. त्यांची युक्ती वाचताना बाबूभाईंचीच आठवण होते. नटाला डोक्यापासून पायापर्यंत काळ्या मखमलीत गुंडाळायचे, वर गोष्टीतले कपडे चढवायचे आणि काळ्या मखमलीच्याच पडद्यासमोर उभे करायचे. फिल्मवर फक्त कपडे उमटतात. मग खोलीचे वेगळे चित्रण त्याच्याशी जुळवायचे, की रिकामा सदरा खोलीभर चालू लागतो. कुठे डोळ्यांसाठी ठेवलेली भोके दिसत, कुठे कड उघडी पडे. तिथे फुल्टन यांच्या माणसांनी सुमारे 4,000 फूट फिल्मवर, म्हणजे जवळपास 64,000 चौकटींवर, हाताने रंग भरला.

हे साधते कसे? फिल्मवर उमटतो तो फक्त उजेड. जिथे काळे आहे तिथे फिल्म कोरीच राहते. ती मागे गुंडाळून पुन्हा चालवली, तर त्या कोऱ्या जागेत दुसरे चित्र बसते आणि पहिल्याला धक्का लागत नाही. धाग्याचेही तेच. भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या आंधळगावच्या कोसा विणकरांना हे समजावून सांगायला नको. कोशाचा धागा उजेडाची तिरीप पडताच चमकून उठतो. काळे सूत उजेड पिऊन टाकते, आणि काळ्या पडद्यासमोर तर त्याला कडच उरत नाही.

मग मखमल आली कुठून? फुल्टनच्या आधी तीस-पस्तीस वर्षे फ्रान्समध्ये जॉर्ज मेलिएस तीच वापरत होता. 1898 च्या एका छोट्या चित्रपटात तो स्वतःचे मुंडके काढून टेबलावर ठेवतो, मग दुसरे, मग तिसरे. ती सगळी मुंडकी काळ्या पार्श्वभूमीवर गातात. मेलिएस मुळात जादूगार, पॅरिसमधल्या रोबेर-उदँ या जादूच्या थिएटरचा मालक. आणि रंगमंचावरच्या जादूगारांत 1880 च्या दशकापासून ‘ब्लॅक आर्ट’ नावाचा खेळ गाजत होता. मॅक्स ऑझिंगर या जर्मन माणसाने तो प्रसिद्ध केला. मंचभर काळी मखमल, काळ्या कपड्यातला अदृश्य साहाय्यक आणि हवेत तरंगणाऱ्या पांढऱ्या वस्तू. तेव्हा धाग्याचे मूळ गाव जादूगाराचा मंच. इथवर फारसा वाद नाही.

वाद सुरू होतो तो धागा हिंदुस्थानात कसा आला यावर. रूढ कथा अशी: दादासाहेब फाळके यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एका जर्मन जादूगाराकडे जादू शिकली, त्याचे नाव कार्ल हर्ट्झ, आणि हा हर्ट्झ ल्युमिएर बंधूंनी नेमलेल्या चाळीस जादूगारांपैकी एक होता. मराठी-हिंदी लेखांत ही ओळ इतक्या वेळा छापली गेली आहे की तिला आता पुरावा लागत नाही, असेच लोक धरून चालतात. तरीही ती तपासायला हवी.

हर्ट्झ जर्मन नव्हता. तो सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला अमेरिकन; मूळ आडनाव मॉर्गनस्टर्न. नाव जर्मन वळणाचे असल्याने मुंबईत कोणी त्याला जर्मन समजले असेल, तर ते स्वाभाविकच. ल्युमिएरशी त्याचा संबंध तर त्याहून कमजोर. 1896 मध्ये ल्युमिएर बंधू आपले यंत्र विकतच नव्हते. ते आपली माणसे पाठवत, आणि 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात खेळ लावणारा मारियुस सेस्तिए तसाच एक पगारी माणूस. हर्ट्झजवळ होते ते लंडनच्या रॉबर्ट पॉलचे ‘थिएट्रोग्राफ’ हे चलच्चित्रे दाखवणारे यंत्र. ते त्याने शंभर पौंड मोजून पॉलकडून हट्टाने मिळवले, असे तो आपल्या आत्मचरित्रात सांगतो. मार्च 1896 मध्ये ते घेऊन तो दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजावर चढला, तिथून ऑस्ट्रेलियाला गेला आणि मग हिंदुस्थानासह पूर्वेकडच्या देशांत फिरला.

पॉल हे नाव आले की वेल्स पुन्हा हजर होतो. 24 ऑक्टोबर 1895 ला रॉबर्ट पॉलने एका पेटंटसाठी अर्ज केला. प्रेक्षकांनी हलत्या चबुतऱ्यांवर बसायचे, भोवती पडद्यांवर चित्रे बदलत जायची आणि आपण काळातून मागेपुढे चाललो आहोत असे त्यांना वाटायचे. वेल्सची ‘टाइम मशीन’ त्याच वर्षी छापली गेली होती आणि पॉलने या बेताबद्दल वेल्सशी चर्चाही केली होती. बेत पैशाअभावी बारगळला. पण पॉलची यंत्रे विकली गेली. एक हर्ट्झने नेले, दुसरे 1896 च्या सुरुवातीलाच मेलिएसने विकत घेतले आणि त्याचा कॅमेरा करून घेतला. सहा वर्षांनी मेलिएसने ‘चंद्राची सफर’ केली. जगातल्या पहिल्या विज्ञानपटांत गणल्या जाणाऱ्या या चित्रपटात ज्यूल व्हर्नबरोबर वेल्सच्या चंद्रकथेचाही अंश आहे. एकाच लंडनी कारागिराच्या दुकानातून दोन जादूगार दोन दिशांना गेले: एक चंद्रावर, दुसरा मुंबईच्या वाटेने. ही जोडी डोळ्यांसमोर ठेवली तर ‘ल्युमिएरचा जर्मन हर्ट्झ’ या वाक्यातले तपशील गळून पडतात, पण गाभा उरतो. फाळक्यांना जादू शिकवणारा हर्ट्झच होता की त्या काळी फिरतीवर आलेला दुसरा कोणी, याने गाभ्याला बाधा येत नाही. फाळके आधी जादूगार झाले आणि नंतर चित्रपटकार, हे महत्त्वाचे.

‘प्रोफेसर केळफा’ या नावाने, म्हणजे आपलेच आडनाव उलटे करून, ते जादूचे खेळ करत.

फाळक्यांचे चमत्कार जादूच्या मंचावरून आले, या म्हणण्यावर तीन प्रतिदावे येतात. पहिला कल्याणच्या पटवर्धनांचा. महादेव गोपाळ पटवर्धन यांनी 1892 पासून ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ दाखवले. एक चित्र विरून दुसरे उगवण्याची सवय मराठी डोळ्यांना त्यांनी लावली, हे खरेच. पण तो उजेडाचा खेळ आहे, त्यात काळ्याचे काम नाही. दुसरा दावा असा की फाळके गोध्र्याला छायाचित्रकार होते, बडोद्याच्या कलाभवनात शिकले होते, तेव्हा एकाच फिल्मवर दोन चित्रे बसवण्याची दुहेरी छाप त्यांना कॅमेऱ्यातूनच कळली असेल. हा दावा मजबूत आहे. त्याने ‘कसे’ याचे उत्तर मिळते, पण फाळक्यांनी नेमके कोणते चमत्कार निवडले, याचे मिळत नाही.

तिसरा दावा सगळ्यांत वजनदार. फेब्रुवारी 1912 मध्ये फाळके लंडनला गेले, ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना भेटले, आणि कॅबोर्न यांनी त्यांना वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थकडे पाठवले. हेपवर्थ हा स्वतः युक्तीपटांचा जुना खेळाडू. 1900 साली त्याने पडद्यावर मोटारगाडी उडवून दाखवली होती. मग फाळक्यांची विद्या हेपवर्थची का नसावी? या लेखाचे मत स्पष्ट आहे: फाळक्यांनी तिथून यंत्रविद्या आणली, चमत्कार आणले नाहीत. सगळा प्रवासच दोनेक महिन्यांचा होता. शिवाय हेपवर्थच्या गाजलेल्या युक्त्या कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू करण्याच्या. फाळक्यांच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये (1918) कंसाला भास होतो, त्याचे मुंडके धडापासून सुटते, वर तरंगते आणि परत येऊन बसते. हा खेळ थेट जादूगाराच्या काळ्या मंचावरचा, मेलिएसच्या मुंडक्यांचा सख्खा भाऊ. आणि ‘प्रोफेसर केळफा’ला तर फाळक्यांनी स्वतः पडद्यावरही आणले. तो वारसा ते मिरवत होते.

म्हणजे बाबूभाईंच्या काळ्या धाग्याला दोन आजोळे: एक हॉलिवूडच्या मखमलीतून, दुसरे नाशिकच्या फाळक्यांच्या चित्रपटांतून, आणि दोन्हींची मुळे जादूच्या रंगमंचात. त्याच कुळात पुढे ‘मिस्टर इंडिया’ (1987) आला. त्यातला न दिसणारा नायक पीटर परेरा यांनी संगणकाशिवाय उभा केला. सिंधुदुर्गात आज दशावताराच्या जाहिरातींवर ‘ट्रिकसीनयुक्त’ असे छापतात, त्यालाही याच घराण्याचे पाणी लागलेले दिसते.

आता या जुन्या चमत्कारांचा जीर्णोद्धार करताना काय होते, ते पाहण्यासारखे आहे. वेल्सच्याच कादंबरीवरचा ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ 1953 साली आला. त्यातली मंगळावरची याने बारीक तारांवर टांगलेली होती. मूळ टेक्निकलर प्रिंटमध्ये रंग दाट आणि सावल्या गडद, त्यामुळे तारा बुडून जात. पुढे स्वस्त आणि उजळ प्रिंट निघाल्या, टीव्हीवर दिसू लागल्या आणि तारा उघड्या पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या लोक हसले: किती बाळबोध काम! दोष कारागिरांचा नव्हता, नकलेचा होता. अलीकडच्या 4के जीर्णोद्धारात त्या तारा पुन्हा दिसेनाशा केल्या गेल्या. हे योग्यच झाले, कारण 1953 च्या प्रेक्षकाला त्या दिसत नव्हत्या. मात्र मूळ प्रिंटमध्येच जी शिवण दिसत होती ती पुसणे म्हणजे इतिहास खोडणे. मेलिएसच्या चंद्राची हाताने रंगवलेली प्रत 1993 मध्ये बार्सिलोनात सापडली आणि तुकडा तुकडा सोडवत 2011 च्या कान महोत्सवात पोहोचली. तिथे रंगाच्या थरथरत्या कडा तशाच ठेवल्या, हे बरे केले.

आपल्याकडे हे काम अधिक अवघड आहे. फाळक्यांच्या चित्रपटांतले जे थोडे उरले ते पी. के. नायर यांच्या चिकाटीने. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी त्यांनी ते शोधून आणले आणि ‘कालिया मर्दन’ तर तुकड्यांतून जुळवला. ‘राजा हरिश्चंद्र’च्या उरलेल्या रिळांबद्दल वीरचंद धरमशी यांनी दाखवून दिले आहे की ती 1913 ची नसून 1917 मध्ये पुन्हा काढलेल्या चित्रपटाची असावीत. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो चित्रपटांची मूळ रिळे गेली. जे शिल्लक आहे त्यातला काळा भाग सर्वांत नाजूक. ओरखडे आणि धूळ काळ्यावरच उठून दिसतात. साफसफाईचे सॉफ्टवेअर काळ्यातली बारीक रेघ कचरा समजून उडवते, आणि ‘चित्र स्वच्छ दिसावे’ म्हणून कोणी उजेड वाढवला की कंसाच्या मुंडक्याखालचे मखमल उघडी पडते.

म्हणून भंडारा, तुमसर, पवनी, साकोली इथल्या वाचकांना एक विनंती. जत्रांतून हिंडणाऱ्या फिरत्या टॉकीजचे डबे, रंगवलेल्या काचा, हस्तपत्रके, काळ्या कापडाचे पडदेसुद्धा कोणाच्या माळ्यावर पडले असतील, तर ते उन्हात ठेवू नका, कापडाने पुसू नका, प्रोजेक्टरवर चढवून पाहू नका. 1950 च्या आधीची फिल्म बहुधा नायट्रेटची असते आणि ती पेट घेते. डबा न उघडता, त्यावरची चिठ्ठी न काढता, पुण्याच्या लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.